चूक दुसऱ्याची, क्लेम अडकलेला. मग गाडीचा विमा भरायचा की थांबायचे?



लागण कधी करावी, बेणे कोणते घ्यावे, पाचट का जाळू नये, हे सांगणे आमचे नेहमीचे काम. या वेळी विषय जरा निराळा आहे. ऊस शेतात नुसता पिकून भागत नाही, तो गव्हाणीत पडावा लागतो. फडापासून गव्हाणीपर्यंतची वाट डांबरी रस्त्याने जाते आणि त्या रस्त्यावर आपल्या सभासदांचेच ट्रॅक्टर, ट्रक आणि बैलगाड्या असतात. १९५० साली प्रवरानगरला गाळप सुरू झाले त्या काळात रस्त्यावर बैलगाड्यांचेच राज्य होते. आज नगर-मनमाड रस्त्यावर हंगामात संध्याकाळी उभे राहिले तर डबल ट्रॉलीमागे डबल ट्रॉली दिसते, आणि त्यांच्या मधून ट्रक, एस.टी., मोटारी, शिर्डीचे भाविक, फटफटीवरची पोरे, सगळेच वाट काढत असतात.

हंगामापूर्वी वाहतुकीचे करार होतात तेव्हा शेतकी विभाग गाडीचे आर.सी. बुक, ड्रायव्हरचे लायसन्स आणि विम्याचा कागद मागतो. तिथेच दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, मागच्या हंगामात मागून ट्रक धडकला. चूक त्याची. आपला क्लेम अजून तसाच पडून आहे. तो मिटल्याशिवाय नवा विमा कशाला भरू?" कोणी म्हणतो, "माझी चूक नव्हती, मग एजंटाने बोनस का कापला?" आणि कोणी चिंतेने विचारतो, "कोर्टात केस चालू आहे, आता कंपनी माझा हप्ता दुप्पट करणार का?"

या तिन्ही प्रश्नांत एकच गैरसमज निरनिराळ्या वेशात येतो. म्हणून उत्तर आधी सांगतो, मग खुलासा करतो. जुना दावा मिटला नाही म्हणून नवा विमा थांबत नाही आणि थांबवूही नये. अपघातात चूक कोणाची हे बोनस पाहत नाही; आपण आपल्या गाडीसाठी क्लेम केला आहे की नाही, एवढेच तो पाहतो. आणि समोरच्याने कोर्टात केलेल्या भरपाईच्या दाव्याने आपला बोनस जात नाही. खरा धोका अडकलेल्या क्लेममध्ये नाही, तो विम्यात पडलेल्या खंडात आहे.

एका कागदात दोन करार

आपण ज्याला 'फुल इन्शुरन्स' म्हणतो त्या एका पॉलिसीत दोन निरनिराळे करार असतात. पहिला थर्ड पार्टीचा, म्हणजे त्रयस्थाचा. आपल्या गाडीने दुसऱ्या कोणाचा जीव गेला, हातपाय मोडले किंवा मालाचे नुकसान झाले तर त्याची भरपाई कंपनी देते. हा भाग कायद्याने सक्तीचा आहे. तो नसताना गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दंड ४,००० रुपये.

दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. एजंट मंडळी त्याला 'ओ.डी.' म्हणतात. हा ऐच्छिक आहे. गाडीवर बँकेचे कर्ज असेल तर बँक तो घ्यायला लावते, हे सभासदांना ठाऊक आहेच.

हप्त्याचेही असेच दोन भाग. थर्ड पार्टीचे दर केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवते. एका वर्गातल्या गाड्यांना तो दर सारखाच. तिथे बोनस नाही आणि कोर्टात केस आहे म्हणून वाढही नाही. स्वतःच्या गाडीच्या भागाचे दर मात्र १ जानेवारी २००७ पासून कंपन्यांवर सोपवलेले आहेत. बोनस मिळतो तो याच भागावर. ही वाटणी ध्यानात राहिली की पुढचे सगळे सोपे आहे.

चूक न विचारता भरपाई

आता 'बिनचुकीचा दावा' या शब्दाकडे वळू, कारण घोळ तिथेच होतो. आपला सभासद म्हणतो "माझी चूक नव्हती". कायदा म्हणतो "चूक कोणाची ते विचारणारच नाही". या दोन गोष्टी एक नव्हेत.

पूर्वी अपघातात माणूस गेला तर त्याच्या बायकापोरांना ड्रायव्हरचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागे. मुंबईकडच्या एका खटल्यात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तसे स्पष्टच सांगितले होते. रात्रीच्या अंधारात झालेल्या अपघाताला साक्षीदार आणायचा कुठून? म्हणून १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ ऑक्टोबर १९८२ पासून चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी १५,००० रुपये आणि कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये मिळू लागले. १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून आला, तेव्हा हे आकडे २५,००० आणि १२,००० झाले. १९९४ च्या दुरुस्तीने ते ५०,००० आणि २५,००० झाले. २०१९ च्या दुरुस्तीतील नवे प्रकरण १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. त्यातील कलम १६४ प्रमाणे आता चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख रुपये आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. हे पैसे गाडीच्या मालकाने किंवा त्याच्या विमा कंपनीने द्यायचे असतात.

या कायद्याचा हात किती लांब पोचतो त्याचे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. २९ ऑक्टोबर १९८७ रोजी पहाटे ३ च्या सुमारास राष्ट्रीय महामार्ग ४ वर, सातारा जिल्ह्यात, पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची टक्कर झाली. टँकर रस्त्याकडेला उलटला, पेट्रोल गळू लागले. सकाळी सव्वासातच्या सुमारास स्फोट झाला आणि भोवती जमलेल्यांतली माणसे भाजून दगावली. मृतांपैकी एका तरुणाच्या आईने बिनचुकीच्या भरपाईचे १५,००० रुपये मागितले. टँकर तर चार तास निपचित पडला होता, मग हा 'मोटार वाहनाच्या वापरातून' झालेला अपघात कसा, असा मुद्दा निघाला. न्यायाधिकरणाने मागणी फेटाळली, पण मुंबई उच्च न्यायालयाने ती मान्य केली आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. उभी किंवा उलटलेली गाडीही 'वापरात' असू शकते, असा त्या निकालाचा अर्थ.

ऊस वाहतूकदारांनी हे मनावर कोरून ठेवावे. टायर फुटला म्हणून भरलेली ट्रॉली रात्री रस्त्याकडेला सोडून ड्रायव्हर जॅक आणायला गेला, मागे दिवा नाही, लाल कापड नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, आणि मोटारसायकलवाला येऊन धडकला. "माझी गाडी तर उभीच होती, माझी काय चूक?" हे उत्तर तिथे पुरत नाही.

आणखी एक गोष्ट. ही बिनचुकीची भरपाई जिवाची आणि दुखापतीची असते, पत्र्याची नसते. आपल्या ट्रॅक्टरचा रेडिएटर फुटला, ट्रॉलीचा साटा वाकला, तर त्यासाठी कलम १६४ नाही. तिथे एक तर स्वतःच्या पॉलिसीवर क्लेम करायचा, नाही तर समोरच्याची चूक दाखवून त्याच्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मागायची.

कोर्टातला दावा आणि आपले नूतनीकरण

समजा, आपल्या ट्रॅक्टरखाली माणूस सापडला आणि त्याच्या वारसांनी न्यायाधिकरणात दावा टाकला. दाव्याला वर्ष लागो की चार वर्षे, त्याला पॉलिसी लागते ती अपघाताच्या दिवशीची. त्या दिवशी ज्या कंपनीचा विमा चालू होता तीच कंपनी पुढे उभी राहते. आपण पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीकडे गेलो, गाडी विकली, काहीही केले तरी तो दावा जुन्याच पॉलिसीच्या खात्यावर राहतो. म्हणून जुनी पॉलिसी रद्दीत घालू नये. दावा मिटेपर्यंत ती सातबाऱ्यासारखी जपून ठेवावी.

या दाव्याने बोनस जात नाही, कारण तो थर्ड पार्टीच्या भागातला आहे. तेव्हा "केस चालू आहे, कंपनी विमा घेणार नाही" या धास्तीने विमा थकवू नये. नूतनीकरणाच्या फॉर्ममध्ये मागील अपघातांची माहिती विचारली असेल तर ती खरी लिहावी, म्हणजे झाले.

दाव्याच्या वेळी एक निवड मात्र समजून घ्यावी, कारण उद्या आपल्याच घरचे माणूस रस्त्यावर सापडू शकते. पूर्वी बिनचुकीची रक्कम आधी हातात पडे आणि उरलेल्या भरपाईचा दावा पुढे चाले. आता कलम १६४ ची रक्कम ठरलेल्या रीतीने स्वीकारली तर न्यायाधिकरणातला मोठ्या भरपाईचा अर्ज संपुष्टात येतो. कमावता माणूस गेला असेल तर चूक सिद्ध करून मिळणारी भरपाई ५ लाखांपेक्षा जास्त भरू शकते. साक्षीपुरावा काहीच नसेल तर ५ लाख हाती पडणे शहाणपणाचे ठरू शकते. वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नये. अर्जासाठी कायद्यात अपघातापासून ६ महिन्यांची मुदत घातलेली आहे. तेव्हा तेराव्यानंतर लगेच कागद गोळा करायला लागावे. आणि धडक देणारी गाडी पळून गेली, सापडलीच नाही, तरी हताश होऊ नये. १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेप्रमाणे मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये मिळतात.

बैलगाडीवाल्या टोळ्यांसाठीही दोन शब्द. बैलगाडी हे मोटार वाहन नव्हे, पण ट्रकने बैलगाडीला उडवले तर गाडीवान हा त्या ट्रकच्या दृष्टीने त्रयस्थच. बैल दगावले तर तेही त्रयस्थाच्या मालमत्तेचे नुकसान आहे आणि ट्रकच्या विम्यातून मागता येते. मात्र इथे ट्रकची चूक दाखवावी लागते. म्हणून पोलिसांचा पंचनामा आणि जनावरांच्या डॉक्टरचा दाखला, दोन्ही घेतल्याशिवाय मेलेले बैल हलवू नयेत.

बोनस कोणाकडे बघतो?

आता बोनसकडे येऊ. 'नो क्लेम बोनस' म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट. ती स्वतःच्या गाडीच्या भागावरच्या हप्त्यात मिळते. एक वर्ष क्लेम नाही तर २० टक्के, सलग दोन वर्षे नाही तर २५, तीन वर्षांना ३५, चार वर्षांना ४५ आणि पाच वर्षांना ५० टक्के. एकदा क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला शून्यावरून सुरुवात.

१ जुलै २००२ पासून लागू झालेल्या मोटार दरपत्रकात या सूटीची अट अशी होती की मागील पूर्ण वर्षात क्लेम केलेला नसावा, आणि तो प्रलंबितही नसावा. दर मोकळे झाले तरी कंपन्यांनी ही पायरी सोडलेली नाही. 'प्रलंबित' या एका शब्दात आपल्या सभासदाच्या प्रश्नाचे उत्तर आहे. मागून ट्रक धडकला, चूक सर्वस्वी ट्रकची, आपण आपल्या कंपनीकडे क्लेम दिला, सर्व्हेअर येऊन गेला, पैसे अजून आले नाहीत, आणि तेवढ्यात पॉलिसीची मुदत संपली. पैसे मिळाले नाहीत तरी क्लेम उभा आहे. सबब बोनस नाही. एजंटाने कापला तो द्वेषाने कापला नाही.

हे ऐकून सभासद चिडतात, आणि चिडणे साहजिक आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी, असेच ते दिसते. पण हा बोनस निर्दोष ड्रायव्हरला दिलेले बक्षीस नव्हे. कंपनीच्या तिजोरीला हात न लावल्याची ती सूट आहे. विलायतेत जरा निराळी रीत आहे. तिथे आपली चूक नसलेला दावा उघडा असेल तर नूतनीकरणाला बोनस अडकतो, पण आपल्या कंपनीने समोरच्या कंपनीकडून पूर्ण पैसे वसूल केले की तो सहसा परत मिळतो. आपल्याकडे तशा परतीच्या भरवशावर बसू नये.

बोनस वाचवून भरपाई मिळवायची असेल तर वाट एकच. स्वतःच्या कंपनीकडे क्लेम न करता दोषी गाडीच्या थर्ड पार्टी विम्यातून नुकसान मागायचे. मालवाहू गाड्यांच्या नेहमीच्या पॉलिसीत त्रयस्थाच्या मालमत्तेसाठी साडेसात लाखांपर्यंतची जोखीम असते. मात्र ही वाट न्यायाधिकरणातून जाते, वेळ खाते, आणि चूक सिद्ध करावी लागते. हंगाम चालू असताना ट्रॅक्टर उभा ठेवून ती वाट धरणे सर्वांना परवडणारे नाही.

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला

क्लेम करावा की न करावा, हे रागाच्या भरात ठरवू नये; कागद-पेन्सिल घेऊन ठरवावे. एक नमुना हिशेब देतो. समजा, स्वतःच्या गाडीच्या भागाचा पूर्ण हप्ता वर्षाला १२,००० रुपये आहे आणि तो पुढेही तेवढाच राहिला. तीन वर्षे क्लेम नाही, म्हणून सध्या सूट ३५ टक्के. यंदा मडगार्ड आणि दिवा फुटला, दुरुस्ती ६,००० रुपये. घसारा आणि आपण सोसायची ठरावीक रक्कम वजा जाता हातात ३,५०० आले असे धरू.

क्लेम केला नसता तर पुढच्या नूतनीकरणाला ४५ टक्के म्हणजे ५,४०० रुपये सूट मिळाली असती आणि त्यापुढे दरवर्षी ५० टक्के म्हणजे ६,०००. क्लेम केल्यावर पहिल्या नूतनीकरणाला सूट शून्य, मग २,४००, मग ३,०००, मग ४,२००, मग ५,४००. दरवर्षीचा फरक काढा: ५,४००, ३,६००, ३,०००, १,८०० आणि ६००. बेरीज १४,४०० रुपये. साडेतीन हजारांसाठी पाच वर्षांत चौदा हजारांवर पाणी! गाडी जुनी होईल तशी तिची विमा किंमत उतरते, हप्ताही कमी होतो, तेव्हा आकडा थोडाफार हलेल. पण दिशा हीच.

उलट, इंजिनाचा खोळंबा झाला, चासी वाकली, दुरुस्ती साठ-सत्तर हजारांत गेली, तर बोनसच्या मोहाने क्लेम सोडणे हा वेडेपणा. विमा त्यासाठीच घेतला आहे.

क्लेम दिल्यानंतर विचार बदलला, दुरुस्ती खिशातून करायची ठरवली, तर क्लेम मागे घेत असल्याचे कंपनीला लेखी द्यावे, आणि त्यावर बोनस कायम राहतो का याचे उत्तरही लेखीच घ्यावे. "होईल हो, मी बघतो" या तोंडी शब्दावर राहू नये.

खोट्या सहीची किंमत

काही सभासद कंपनी बदलून सुटका शोधतात. नव्या कंपनीच्या फॉर्मवर 'मागील मुदतीत क्लेम झालेला नाही' असे छापलेले असते. खाली सही ठोकली की बोनस मिळतो. पण त्याच छापील मजकुरात पुढे लिहिलेले असते की हे निवेदन खोटे ठरल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे सर्व हक्क जातील. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे चौकशी करते, आणि आता हे सारे यंत्रावर आहे. हप्त्यातले पाच हजार वाचवायला गेलेल्याचा उद्या मोठा अपघात झाला तर लाखाचा क्लेम या एका सहीवर फेटाळला जातो. पुष्कळदा फॉर्म एजंट भरतो आणि मालक वाचताही सही करत नाही. बंधूंनो, उसाची काट्याची पावती आपण दोनदा वाचतो. हा कागद एकदा तरी वाचावा.

बोनस हा मालकाचा असतो, गाडीचा नव्हे, हेही ध्यानात असू द्यावे. जुना ट्रॅक्टर विकून नवा घेताना कंपनीकडून बोनसचा दाखला घेतला तर तो तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लागू होतो. आणि दुसऱ्याचा ट्रॅक्टर विकत घेतला तर त्याचा बोनस आपल्याला मिळत नाही. विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी १४ दिवसांत कंपनीला कळवावे लागते.

खंड म्हणजे खड्डा

आता सगळ्यांत मोलाचे. जुना क्लेम मिटला नाही म्हणून किंवा बोनस कापला या रागाने विम्याची तारीख जाऊ देणे म्हणजे एका दाव्याच्या आगीतून दुसऱ्या दाव्याच्या फुफाट्यात पडणे. मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केले नाही तर असलेला बोनसही जातो. नव्याने विमा घेताना कंपनी गाडी तपासायला मागते. हे सगळे सोसता येईल. पण मधल्या दिवसांत अपघात झाला तर काय?

१० डिसेंबर १९९१ चे एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. अपघात दुपारी २ वाजून २० मिनिटांनी झाला आणि विमा त्याच दिवशी २ वाजून ५५ मिनिटांनी उतरवला. अवघ्या ३५ मिनिटांचा फरक. न्यायालयाने सांगितले, अपघाताच्या क्षणी विमा नव्हता, कंपनीवर जबाबदारी नाही. सारा बोजा मालकावर.

हा बोजा कसा वसूल होतो तेही शेतकऱ्याला कळले पाहिजे. न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखला पाठवू शकते आणि मग भरपाईची रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. म्हणजे चार हजारांच्या बोनसवर रुसून आपण वाडवडिलांची जमीन पणाला लावतो.

हप्ता चेकने देणाऱ्यांनी खात्यात शिल्लक आहे ना, हे पाहावे. १९३८ च्या विमा कायद्याप्रमाणे हप्ता हाती आल्याखेरीज कंपनी जोखीम घेत नाही. चेक परत गेला तर पॉलिसीचा कागद नुसता कागदच राहतो. मोटार किंवा मोटारसायकल असलेल्यांनी आणखी एक पाहावे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. पण स्वतःच्या गाडीचा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो. "माझा विमा तर अजून दोन वर्षे आहे" म्हणणाऱ्याचा अर्धा विमा कधीच संपलेला असू शकतो.

ट्रॉली आणि माणसे

विमा चालू असूनही क्लेम अडकण्याची दोन कारणे आमच्या लोकांत वारंवार दिसतात. पहिले, ट्रॅक्टरचा विमा आहे पण ट्रॉलीचा उल्लेखच नाही. कायद्याने ट्रॉली हे निराळे वाहन आहे. दोन ट्रॉल्या ओढत असाल तर दोन्हींचे नंबर पॉलिसीत यायला हवेत. त्याचबरोबर 'फक्त शेतीकामासाठी' असा शिक्का असलेल्या पॉलिसीवर भाड्याने दुसऱ्याचा ऊस ओढला तर कंपनी त्यावर बोट ठेवते. करार वाहतुकीचा असेल तर पॉलिसीही तशीच हवी.

दुसरे, माणसे. मडगार्डवर आणि उसाच्या ढिगावर बसलेली माणसे ट्रॅक्टरच्या विम्यात धरलेली नसतात. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने शेतीकामाचा विमा असलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवरून पडलेल्या मजुराच्या प्रकरणात कंपनीची जबाबदारी नाही असेच ठरवले. मजूर गरीब म्हणून कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि नंतर ते मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश दिला. म्हणजे शेवटी खिसा मालकाचाच.

तेव्हा करावे काय?

१) अपघात होताच पोलिसांत आणि विमा कंपनीला कळवावे. पोलिसांना पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला द्यावा लागतो. त्यात आपल्या पॉलिसीचा नंबर बिनचूक जावा.

२) समोरच्या गाडीचा नंबर, विमा कंपनी आणि ड्रायव्हरचे लायसन्स यांची नोंद घ्यावी. मोबाइलवर गाड्यांचे चारही बाजूंनी फोटो काढावेत आणि मगच गाड्या हलवाव्यात.

३) किरकोळ नुकसानीत क्लेम करण्यापूर्वी बोनसचा हिशेब मांडावा.

४) क्लेम प्रलंबित असेल तर नूतनीकरणाच्या वेळी तसे खरे लिहावे आणि बोनसविना विमा भरावा. तारीख चुकवू नये.

५) क्लेम विनाकारण रेंगाळत असेल तर कंपनीकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. महिनाभरात समाधान झाले नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येते. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.

६) पॉलिसी, हप्त्याची पावती, पंचनामा आणि सर्व्हेअरचा कागद एका फाइलीत, दावा मिटेपर्यंत.

नूतनीकरण दोन-चार दिवस आधीच करून टाकावे आणि पॉलिसीवर तारखेबरोबर वेळही पाहावी. वाहतूक कराराच्या वेळी गट कार्यालयात कागद आणाल तेव्हा ट्रॉलीचे नंबर आणि मुदत आमच्या माणसांकडून ताडून घ्यावी. त्याला पाच मिनिटे लागतात.

क्लेम आज ना उद्या मिटेल, बोनस पुन्हा पायरी पायरीने चढेल. खोडवा राखणाऱ्या शेतकऱ्याला तोडलेल्या जागी पुन्हा फुटवा येतो हे शिकवायला नको. पण विम्यात एक दिवसाचा खंड पडला आणि नेमका त्याच दिवशी रस्त्यावर घात झाला, तर ते नुकसान भरून काढायला पुढचे कित्येक हंगाम पुरणार नाहीत. मोळी टाकण्यापूर्वी विम्याची तारीख पाहावी, ही नम्र विनंती.

कळावे,

ऊस विकास अधिकारी
शेतकी विभाग